निकेल दर तीन आठवड्यांनी वर जातं आणि बिल कल्चरचं येतं

प्लेटिंग कारखान्याच्या सांडपाण्याच्या आऊटलेटला निकेल लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत चाललेलं असतं. एके सोमवारी ते ६ होतं, बुधवारी ८. कल्चरवाल्याला, म्हणजे सांडपाण्यासाठी जिवाणू विकणाऱ्याला, फोन जातो. तो दोन ड्रम घेऊन येतो आणि रिॲक्टरकडे, म्हणजे जिवाणूंच्या टाकीकडे, नुसतं बघून निदान करतो, "साहेब, बॅक्टेरिया मेले तुमचे." ड्रम ओतले जातात, पुढच्या आठवड्यात निकेल खाली येतं, बिल पास होतं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या फेऱ्यात मी स्वतः दीड वर्ष अडकलो होतो. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत निकेल-क्रोम-झिंकचं प्लेटिंग करणारे, दिवसाला दहा-वीस हजार लिटर पाणी सोडणारे आणि नुसत्या चुन्या-कॉस्टिकवर निकेल मर्यादेत येईना म्हणून जिवाणूंकडे वळलेले जे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मर्यादा सगळ्यांना पाठ असतातच, तरी एकदा: १९८६ च्या पर्यावरण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निकेल ३, झिंक ५, तांबं ३, एकूण क्रोमियम २, सहा-संयुजी क्रोमियम ०.१ आणि सल्फाइड २ मिलिग्रॅम प्रतिलिटर. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच खरा.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. जिवाणू बहुतेक वेळा जिवंत असतात. मधल्या आठवड्यात त्यांच्या ताटातलं दुसऱ्यानेच खाल्लेलं असतं. तो दुसरा कोण, हे रिॲक्टरमध्ये सापडत नाही. प्लेटिंग शॉपच्या कॅलेंडरवर सापडतं.

रिॲक्टरमध्ये काय चालतं

जिवाणू निकेल "खाऊन टाकतात" असं माहितीपत्रकात छापतात. धातू हे मूलद्रव्य आहे, ते कुणाच्या पोटात जिरत नाही. डिसल्फोव्हिब्रिओ आणि त्याचे भाऊबंद हवा नसलेल्या जागी सल्फेटवर श्वास घेतात, आपण ऑक्सिजनवर घेतो तसा. मळी, गूळ किंवा अल्कोहोल हे त्यांचं अन्न, आणि उच्छ्वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. हे सल्फाइड पाण्यातल्या निकेल, झिंक, तांब्याला भेटलं की न विरघळणारा गाळ तयार होतो आणि सेटलरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत, खाली बसतो. क्रोमियमचं तसं होत नाही. पाण्यात क्रोमियमचा सल्फाइड टिकत नाही; सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी होतं आणि ते हायड्रॉक्साइड म्हणून बसतं, तेही पीएच ८-८.५ च्या आसपास असेल तरच.

हे जिवाणू नवे नाहीत. १८९५ मध्ये डेल्फ्टला बेयेरिंक यांनी ते पहिल्यांदा वेगळे केले, आणि आपल्या नाल्याच्या काळ्या चिखलात किंवा गोबरगॅसच्या टाकीत ते फुकट राहतात. नेदरलँड्समधल्याच बुडेल-डॉरप्लाइनच्या जस्त कारखान्यात १९९२ पासून हेच तंत्र दूषित भूजलावर वापरलं गेलं, अन्न म्हणून इथेनॉल देऊन. निघालेलं झिंक सल्फाइड परत भट्टीत. विक्रेते हे उदाहरण हमखास सांगतात. फक्त जमिनीखालचं पाणी रोज सारखं असतं आणि प्लेटिंगचं पाणी मंगळवारी एक, शनिवारी दुसरंच, हे सांगायचं राहून जातं.

आता एक हिशेब मनात धरून ठेवा, पुढे लागेल. समजा दिवसाला २० घनमीटर पाणी आणि त्यात निकेल ५० मिलिग्रॅम. म्हणजे रोज १ किलो निकेल. ते बसवायला कागदावर १.६४ किलो सल्फेटचं सल्फाइड व्हावं लागतं आणि त्यासाठी १.१ किलो सीओडीचं अन्न लागतं (सीओडी म्हणजे अन्न जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये केलेलं त्याचं मोजमाप). अन्नात वाटेकरी असतात, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट धरतात: रोज साधारण २.२ किलो सीओडी.

झाकण उघडण्याआधी

तपासणीच्या घाईत माणसं याच ठिकाणी जातात, म्हणून आधी हे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी आणि पंपाच्या खड्ड्यात साचतो. थोडा असताना वास येतो, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. हजाराच्या पुढे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. खिशाला लावायचा गॅस मीटर १० पीपीएमच्या अलार्मवर ठेवा. मीटर नसेल तर झाकण उघडू नका, आणि टाकीत कुणालाही कधीच उतरवू नका. सेटलरचा हॉपर तुंबला तर पंपाने उपसा.

दुसरं, सल्फाइडच्या पाण्यात किंवा गाळात पिकलिंगचं आम्ल कधीही पडू देऊ नका. पीएच ७ ला सल्फाइडचा निम्मा भाग वायूच्या रूपात असतो, ८ ला दहावा हिस्सा, ६ ला दहातले नऊ. पीएच खाली सरकला की टाकीतलं सल्फाइड पाण्यात न राहता हवेत येतं, आणि आम्ल ओतणारा नेमका त्या टाकीच्या काठावर उभा असतो.

तीन बाटल्या, सहा आकडे

निकेल वर गेलं त्याच दिवशी तीन ठिकाणचे नमुने घ्या: रिॲक्टरच्या आत जाणारं पाणी, रिॲक्टरमधून येणारं, आणि सेटलरनंतरचं. प्रत्येकाचे दोन भाग करा. एक जसाच्या तसा, दुसरा ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळलेला. मग दोन्हीत नायट्रिकचे थेंब घालून प्रयोगशाळेत निकेलसाठी पाठवा.

क्रम चुकवू नका. आधी गाळायचं, मग आम्ल. उलट केलं तर आम्लाने गाळ विरघळतो आणि सगळं निकेल "विरघळलेलं" म्हणून रिपोर्टवर येतं. माझे पहिले चार रिपोर्ट असेच वाया गेले, कारण नमुना घेणारा मुलगा आम्ल घातलेल्याच बाटल्या घेऊन यायचा. आणि आम्ल घालायचं ते मोकळ्या हवेत, कारण वर सांगितलेलं बाटलीलाही लागू आहे.

त्याच वेळी रिॲक्टरनंतरच्या पाण्यावर तीन झटपट चाचण्या करा. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो का (काळा म्हणजे सल्फाइड आहे)? ओआरपी, म्हणजे पाण्याचा ऑक्सिडीकरण-क्षपण विभव, किती? नायट्रेटची पट्टी काय सांगते? या पट्ट्या मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, त्यावर नायट्राइटही दिसतं. माझ्या मते ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लँटच्या, कपाटातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे.

यातून तीन चित्रं निघतात.

चित्र पहिलं: न गाळलेल्यात निकेल जास्त, गाळलेल्यात कमी

जिवाणूंनी काम चोख केलंय. निकेलचा सल्फाइड झाला, तुमचा सेटलर तो पकडत नाहीये. असं असताना कल्चर ओतणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सल्फाइडचा गाळ हायड्रॉक्साइडसारखा कापसाळ नसतो, फार बारीक असतो. बीएस्सीला गट विश्लेषण केलेल्यांना आठवत असेल, निकेलच्या गटात गाळून झालं तरी खालचं पाणी तपकिरीच राहायचं आणि सर ओरडायचे, "उकळा, पुन्हा उकळा." तेच हे. सल्फाइड गरजेपेक्षा जास्त असलं की कणांवर ऋण भार चढतो, ते एकमेकांना ढकलतात आणि चहाच्या रंगाचं पाणी सेटलरवरून आरामात निघून जातं. साध्या फिल्टर पेपरमधूनही ते जातं. कधी थोडं ०.४५ मधूनही. गाळलेलं पाणी तपकिरी झाक मारत असेल तर आकड्यावर फार भरवसा ठेवू नका.

उपाय साधा आहे. सेटलरच्या आधी फेरिक क्लोराइड. ते जास्तीचं सल्फाइड बांधून घेतं आणि बारीक कणांना एकत्र आणतं. जार टेस्टला २०, ४०, ६० मिलिग्रॅम लावून बघा, पीएच ८ च्या वर धरा, मग ॲनायॉनिक पॉली, म्हणजे कणांचे गोळे बांधणारं पॉलिमर. शिवाय सेटलरच्या तळाचा थोडा जुना गाळ मिसळणीच्या टाकीत परत फिरवा. नवा सल्फाइड जुन्या कणांवर चढतो आणि जड होतो. एवढ्याने माझ्या ओळखीतल्या दोन प्लँटची कटकट कायमची मिटली.

गाळ तरंगत असेल, पोळीसारखे काळे तुकडे वर येत असतील, तर सेटलरमध्ये तो फार दिवस पडून राहिलाय आणि खाली गॅस धरतोय. काढण्याच्या वेळा वाढवा.

चित्र दुसरं: गाळलेल्यातही निकेल जास्त, आणि लेड ॲसिटेट कागद पांढराच

सल्फाइडच तयार होत नाहीये. दर तीन-चार आठवड्यांनी येणारं संकट बहुधा याच घरातलं असतं, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्याकडे उलगडा झाला तो योगायोगाने. सातव्या खेपेला हिशेबखात्याने कल्चरचं बिल अडवलं आणि ड्रम आलेच नाहीत. मी मंडळाची नोटीस येणार या तयारीत बसलो होतो. निकेल नेहमीप्रमाणे आठव्या-नवव्या दिवशी गपगुमान खाली आलं. म्हणजे आधीचे सहा वेळचे ड्रम ओतले तेव्हाही ते खाली यायचंच होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडत होती, आणि आम्ही कावळ्याला पैसे देत होतो.

मग मी ईटीपीची लॉगबुकं बाजूला ठेवून शॉपमध्ये जाऊन बसलो. जिगवर, म्हणजे माल टांगायच्या रॅकवर, प्रत्येक फेरीत निकेल चढतं. टोकं जाड झाली की करंट नीट जात नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी शनिवारी जिग नायट्रिक आम्लात बुडवून निकेल उतरवतात. आम्ल थकलं की ते बाहेर काढतात. "बाहेर" म्हणजे कुठे, असं विचारल्यावर सुपरवायझर म्हणाला, "कलेक्शन टाकीत. पण न्यूट्रल करूनच सोडतो साहेब, कॉस्टिक घालून, पीएच सात."

आणि खरंच, पीएच मीटरवर कधीच काही दिसलं नव्हतं. कॉस्टिकने आम्लपणा जातो, नायट्रेट तिथेच राहतं.

आता तो हिशेब काढा. ३५ लिटरचा एक कारबॉय, ६८ टक्क्यांचं नायट्रिक. त्यात साधारण ३३ किलो शुद्ध आम्ल, म्हणजे ७.४ किलो नायट्रेट-नायट्रोजन. विनायट्रीकरण करणारे, म्हणजे नायट्रेटवर श्वास घेणारे, जिवाणू १ किलो नायट्रेट-नायट्रोजनमागे २.८६ किलो सीओडी खातात. एका कारबॉयमागे २१ किलो. आपण रोज २.२ किलो देत होतो. म्हणजे एका शनिवारच्या एका कारबॉयने दहा दिवसांची मळी फस्त केली! आणि ती आधी खायला तेच मिळवतात, कारण नायट्रेटवर श्वास घेण्यात सल्फेटपेक्षा जास्त ऊर्जा मिळते. जोवर पाण्यात नायट्रेट आहे तोवर ओआरपी उणे २०० मिलिव्होल्टच्या खाली जात नाही आणि सल्फेटवाले उपाशी बसून राहतात. त्यात नायट्रेट तुटताना मधे नायट्राइट तयार होतं, ते सल्फेटवाल्यांच्या शेवटच्या एन्झाइमलाच थेट अडवतं. शिवाय त्या थकलेल्या आम्लात जिगवरून उतरलेलं निकेलही असतंच. एकीकडे निकेलचा लोंढा, दुसरीकडे सल्फाइड बंद. नायट्रेट संपलं किंवा वाहून गेलं की आठवड्याभरात सगळं आपोआप पूर्वपदावर.

स्टेनलेसचं पॅसिव्हेशन किंवा तांब्या-पितळेला चकाकी आणायला नायट्रिकचं डिप असेल तर तिथूनही हेच येतं, फक्त रोज थोडंथोडं; मग निकेल एकदम चढत नाही, कायमच काठावर राहतं.

काय करायचं? थकलेलं स्ट्रिपर, म्हणजे जिगवरचं निकेल उतरवलेलं आम्ल, गटारात सोडायचंच नाही. वेगळ्या एचडीपीई टाकीत साठवा आणि धोकादायक कचऱ्याच्या परवानाधारकाकडे द्या. निकेल इतकं जास्त असतं की ते परत मिळवणारेही घेतात. हे जमेपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून थेंबाथेंबाने, वीस-बावीस दिवसांत पसरून सोडा आणि रिॲक्टरच्या आधी हवा न मारता ढवळणारी छोटी टाकी ठेवून तिथे वेगळी मळी द्या, म्हणजे नायट्रेट तिथेच संपेल. वरच्या हिशेबाने एका कारबॉयला रोज साधारण किलोभर सीओडी कागदावर होते, दीड-दोन किलो धरा. पण मी याला इलाज म्हणणार नाही. मुदत मिळवणं म्हणेन.

नायट्रेटची पट्टी कोरी निघाली आणि तरी सल्फाइड नाही, तर पुढची दारं ठोठावा.

क्रोम. क्रोमेटचा आयन घडणीने सल्फेटसारखाच, त्यामुळे जिवाणू त्याला सल्फेटच्याच दारातून आत घेतो आणि आत गेल्यावर फसतो. वर प्रत्येक मिलिग्रॅम सहा-संयुजी क्रोमियम ०.९ मिलिग्रॅम सल्फाइड गिळतं. "आमचे बॅक्टेरिया क्रोमपण काढतात" हे खरं असलं तरी त्यांच्यावर ते ओझं टाकू नका. क्रोमची लाईन वेगळी ठेवा, पीएच २-३ ला सोडियम मेटाबायसल्फाइट, क्रोमियमच्या किलोमागे निदान ३ किलो, मग ८.५ ला बसवा, आणि वरचं पाणी पुढे सोडा. डायफिनाइल कार्बाझाइडचा थेंब जांभळा झाला तर ते पाणी पुढे जाऊ देऊ नका. दर पावसाळ्यात हीच पायरी ढेपाळते, कारण मेटाबायसल्फाइटचं पोतं उघडं पडलेलं असतं. दमट हवेत त्याची ताकद उडून जाते आणि ऑपरेटर मात्र त्याच वजनाने घालत राहतो.

क्लोरीन. सायनाइड नष्ट करायच्या टाकीत हायपोक्लोराइट जरा सैल हाताने पडलं की उरलेलं क्लोरीन थेट रिॲक्टरमध्ये. ही एक अशी जागा आहे जिथे जिवाणू खरंच मरतात. सायनाइडची टाकी रिकामी करण्याआधी स्टार्च-आयोडाइडचा कागद लावायचा, निळा झाला तर थांबायचं. याचा चुलतभाऊ असा: शेवटच्या टाकीत वास मारायला म्हणून कुणीतरी तेच हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, सोडतं. त्याने पाण्यात उरलेले बारीक सल्फाइड कण परत विरघळतात आणि तीन-संयुजी क्रोमियमही काही प्रमाणात पुन्हा सहा-संयुजी होतं. सेटलरनंतर पाणी चांगलं आणि गेटवर नापास, असं दिसलं तर आधी हायपोचा कॅन कुठे ठेवलाय ते शोधा.

मळी. प्रत्येक गाडीची मळी वेगळी असते, त्यामुळे मापाने दिलेली अर्धी बादली कधी पुरते, कधी नाही. डोसिंग पंपाचा व्हॉल्व्ह तिच्यात हमखास चिकटतो; पंप "चालू" असतो आणि पुढे काहीच जात नाही. नळी काढून मोजपात्रात मिनिटभर मोजा. जास्त झाली तरी पंचाईत: आंबते, आम्लं तयार होतात, पीएच ६.५ च्या खाली येतो आणि आऊटलेटला सीओडी २५० च्या वर. या जिवाणूंपैकी बरेचसे अन्न ॲसिटेटपर्यंतच नेतात आणि सोडून देतात, म्हणून थोडा सीओडी उरणारच. त्याला मागे हवा मारायची टाकी हवी. ती वाचवायला गेलेल्या माणसाला सीओडीची तक्रार करायचा हक्क नाही.

थंडी. नाशिक-सिन्नर बाजूला डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरची लोखंडी टाकी रात्री चांगलीच गारठते. हे जिवाणू ३०-३५ अंशांत खूश असतात. दहा अंश उतरले की वेग ढोबळमानाने निम्मा. टाकीला ग्लासवूल गुंडाळा, गरम रिन्सचं पाणी तिकडे वळवा.

चित्र तिसरं: गाळलेल्यात निकेल जास्त, पण सल्फाइड भरपूर

कागद काळाकुट्ट होतो आणि निकेल तरी हलत नाही. इथे निकेलला कुणीतरी घट्ट धरून ठेवलंय. इलेक्ट्रोलेस, म्हणजे विजेशिवाय चढवायच्या, निकेलच्या बाथमध्ये सायट्रेट, लॅक्टेट, अमोनिया असतात. काही क्लीनरमध्ये ईडीटीए. क्षारीय झिंक-निकेलमध्ये अमाइन्स. यांतले सौम्य गडी सल्फाइडपुढे नमतात, ईडीटीएसारखे नाही. खात्री करायची तर एक लिटर गाळलेलं पाणी घ्या, पीएच ८ वर ठेवून चिमूटभर सोडियम सल्फाइड घाला, अर्धा तास ढवळा, थोडं फेरिक घाला, पुन्हा गाळून तपासा. तरीही निकेल तेवढंच असेल तर तो जिवाणूंचा प्रश्न उरलेला नाही.

हे पाणी रिन्सपासून वेगळं काढावं लागतं. थोडं असेल तर डायथायोकार्बामेट जातीचं रसायन वापरून बसवतात, महाग पडतं. आठवड्यात दोनदाच इलेक्ट्रोलेस चालवणाऱ्या शॉपमध्ये हे संकट त्याच दोन दिवसांनंतर येतं, म्हणजे पुन्हा कॅलेंडरच.

पावसाळ्यात येणारं निकेल

हे वेगळं सांगतो, कारण माझ्याकडे नायट्रिक बंद झाल्यावरही जून-जुलैत ते आलं. फिल्टर प्रेसमधला काळा गाळ शेडच्या कडेला रचलेला होता, छपराची वळचण नेमकी त्यावर. धातूचा सल्फाइड हवा न लागेल तोवरच टिकतो. हवा आणि ओल मिळाली की गंधक खाणारे दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि निकेल-झिंक पुन्हा विरघळतं. पावसाच्या पाण्याबरोबर ते गटारात, तिथून कलेक्शन टाकीत. आपणच बसवलेलं निकेल आपल्याच दाराने परत येतं. हा गाळ २०१६ च्या नियमांत धोकादायक कचऱ्यात ३५.३ या नोंदीखाली येतो, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या ठिकाणी द्यावा लागतो. झाकलेल्या पिशव्यांत, पॅलेटवर, आतल्या बाजूला ठेवा. शेडचं पाणी कलेक्शन टाकीत येत असेल तर त्याचीही बाटली भरून एकदा निकेल तपासा.

खरंच मेले असतील तर

क्लोरीन गेलं असेल, पीएच ३ चं पाणी रात्रभर शिरलं असेल, तर मान्य, उभारणी पुन्हा करावी लागते. तरी ड्रम घेण्याआधी विक्रेत्याला विचारा की आत नक्की कोणते जिवाणू आहेत. बाजारातली बरीच "ईटीपी कल्चर" म्हणजे हवेत वाढणाऱ्या बॅसिलसची भुकटी असते. सीओडी कमी करायला ती ठीक, सल्फेटशी तिला देणंघेणं नाही. मी गोबरगॅसच्या टाकीतली स्लरी वापरतो. डिस्टिलरीच्या डायजेस्टरचा गाळ मिळाला तर उत्तमच.

फीड, म्हणजे आत येणारं सांडपाणी, बंद करा. टाकीतलं पाणी आतल्या आत फिरवा, मळी आणि थोडं सोडियम सल्फेट द्या, थोडी डीएपी, पीएच ७.५ धरा. पॅकिंग मीडिया, म्हणजे जिवाणू चिकटून राहतात ते भरण, धुऊ नका, त्यावरची काळी साय हीच तुमची पुंजी. ओआरपी उणे २०० च्या खाली जाऊन दोन-तीन दिवस स्थिर राहिला आणि कागद काळा होऊ लागला की पाव प्रवाह सुरू करा, मग अर्धा, मग पूर्ण. माझा अनुभव पंधरा ते वीस दिवसांचा. या काळातलं पाणी साठवायला जागा नसेल तर शॉपला उत्पादन कमी करायला सांगावं लागतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणालाच आवडत नाही.

आमच्याकडे आता ईटीपीच्या दाराला एक वही टांगलेली आहे. रकाने पाच: तारीख, कोणती टाकी काढली, किती लिटर, कुठे सोडली, सही. सही प्लेटिंगच्या सुपरवायझरची, ऑपरेटरची चालत नाही.